बसून काढलेला हंगाम

कॉलेज बदललेल्या खेळाडूने वर्षभर सामना खेळायचा नाही, हा नियम मला माहीत होता. तो इतरांसाठी असतो असा माझा समज होता. पालघरच्या कॉलेजात मी दोन वर्षं बास्केटबॉल खेळले. तिसऱ्या वर्षी कप्तान झाले, आणि सराव रंगात आला असताना आईचं ऑपरेशन निघालं. आम्ही सालवडला राहायचो. वडील तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर. मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे हाकेला धावून येणारा नातेवाईक जवळ कोणी नाही. बोईसरचं कॉलेज सकाळचं होतं, घरापासून चालत जाण्यासारखं. घरात फार चर्चा झाली नाही. मीही केली नाही.

नियमातून सुटायच्या दोन वाटा होत्या. वडिलांची बदली झाली असेल तर लगेच खेळता येतं. आईचं ऑपरेशन म्हणजे बदली नव्हे, असं बोईसरच्या क्रीडाशिक्षकांनी मला समजावून सांगितलं, जणू मी तसा दावा केला होता. दुसरी वाट म्हणजे जुन्या कॉलेजने हरकत नाही असं कळवणं. ती मला सोपी वाटली. पालघरचे सर माझ्यावर कधी रागावले नव्हते.

ते आताही रागावले नाहीत. म्हणाले, "मला काय, मी देतो. पण ऐन वेळी संघ सोडून गेलीस. मुलींना विचार. त्यांची हरकत नसेल तर माझीही नाही." नको असलेला प्रत्येक निर्णय सर असाच मोठ्या मनाने दुसऱ्याच्या गळ्यात घालत.

माझ्या जागी मुलींनी जिला कप्तान केलं होतं, ती शिरगावची. माझ्याहून एक वर्ष मागे. घरची बोट, आई बाजारात मासळी विकायला बसायची. मैदानात आमचं चांगलं जमायचं. तिच्या हातात चेंडू आला की मी मागे न बघता बास्केटकडे धावायचे आणि पास बरोबर हातात यायचा. मला ताई म्हणायची. मी विषय काढला तशा बाकीच्या मुली तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"नाय जमनार, ताई," ती म्हणाली. "आमच्याकडं नारली पुनवेला बोटी सुटल्या का खलाशी ठरलेला असतो. मदीच कोन सोडून गेला, तर त्या हंगामात त्याला दुसरी बोट घेत नाय. माज्या बापानं सख्ख्या मेव्हन्याला घेतला नाय."

"मी काय बोटीवर आहे का? माझी आई आजारी आहे."

"आईसाठी गेलीस ते बरोबरच हाय. तिला बग. पन आमच्याच समोर उभी रायलीस, तर आमी काय करायचं?"

ती भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. पण ती घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखी शांत होती, आणि त्यानेच माझा तिळपापड झाला. निरोप न घेता मी निघाले आणि गाडीत बसल्या बसल्या संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले.

दिवाळीपर्यंत आई हिंडूफिरू लागली. म्हणजे ज्या कारणासाठी कॉलेज सोडलं ते संपलं, नियम तेवढा चालू राहिला. बोईसरच्या संघात मी सरावाला असायचे, सामन्याला नसायचे. नव्या मुलींना शिकवायचे, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायचे. दोन्ही कॉलेजं समोरासमोर आली तेव्हा मला संघाच्या बाकावरसुद्धा बसायला परवानगी नव्हती. मी पलीकडच्या पायऱ्यांवर बसले. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हे ठरेना, म्हणून हात मांड्यांखाली घालून ठेवले. शिरगावची फार सुंदर खेळली. तिच्या पासवर कोणी मागे न बघता धावत नव्हतं, एवढं मात्र मला दिसलं आणि बरं वाटलं.

बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, पाऊस तोंडावर आला, आणि एका दुपारी ती सालवडला आमच्या दारात उभी राहिली. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. आईने चहा टाकला. आईची तब्येत विचारून झाली, बोंबील कसे ठेवायचे ते सांगून झालं, आणि मग ती माझ्याकडे वळून मोकळं हसली.

"हंगाम संपला, ताई. आता आमची काय हरकत नाय. पुनवेनंतर खेल तू बोईसरकडून. आमी बगून घेऊ तुला."

"माझं कॉलेज संपलं," मी म्हटलं. "परीक्षा झाली. पुढच्या आठवड्यापासून एमआयडीसीत एका ऑफिसात लागतेय."

"संपलं कसं? तू तर वर्षभर बसलीस. ते वर्ष कशाला धरतील?"

ती थट्टा करत नव्हती. तिच्याकडे हंगामभर घरी बसवलेला खलाशी पुढच्या नारळी पौर्णिमेला पुन्हा बोटीवर चढतो, त्याचं काही कमी होत नाही. तिच्या बापाचा मेव्हणाही चढला असणार. तिने मला तेवढीच शिक्षा दिली होती. मी तिला समजावून सांगितलं, की कॉलेजात बसून काढलेलं वर्षही धरतात आणि तिसऱ्या वर्षानंतर पदवी हातात देऊन घरी पाठवतात. सांगताना माझा आवाज चढला नाही. वर्षभर साठवलेला राग कुठे गेला कोण जाणे. मला फक्त वाईट वाटत होतं, आणि ते तिला दिसावं असंही वाटत होतं.

तिने कप खाली ठेवला.

"मना वाटला, मी तुजा एकच हंगाम घेतला."

"एकच घेतलास," मी म्हटलं. "माझ्याकडे तेवढाच उरला होता."