त्या सीटवर मुलं झोपत नाहीत

पुण्याहून म्हैसूरच्या रेल्वेगाडीत बसलो तेव्हा पाठपिशवीत मोजायची टेप होती आणि मनात बहिणीला सांगायचं एक खोटं, नीट घोटून तयार केलेलं.

धाकटी बहीण मुग्धा म्हैसूरला असते. तिचा नवरा नोकरीसाठी आधीच परदेशी गेलेला, आणि ती शुक्रवारी तीन वर्षांच्या रेवाला घेऊन निघणार होती. आधी बंगळूर विमानतळापर्यंत मोटारीनं, मग विमानानं, मग तिकडे पुन्हा मोटारीनं. तिनं फोनवर विचारलं, "दादा, तू दिलेली ती मुलांची कार सीट विमानात चालेल का रे?"

फोनवर नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती सीट मी परदेशात असताना माझ्या मुलासाठी, अर्णवसाठी, घेतली होती. विमानातही वापरता येते, असं तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं आहे. पण छापलेलं नाही असंही काही आहे, आणि ते फक्त मला माहीत होतं. ती सीट एका अपघातातून गेलेली आहे. अशी सीट पुन्हा वापरायची नसते. बाहेरून धड दिसते, पण पुढच्या धक्क्याला ती मूल धरून ठेवेल याची खात्री नसते. आणि मी ती बहिणीला दिली होती.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर नारळ, ऊस आणि पाटाचं पाणी होतं. श्रीरंगपट्टणला कावेरीवरून गाडी सावकाश गेली. पाणी अजिबात हलत नव्हतं. त्यातलं पुलाचं प्रतिबिंब खऱ्या पुलापेक्षा ठसठशीत दिसत होतं. मी मान फिरवली.

स्टेशनवर मुग्धा गाडी घेऊन आली होती. मी पुढे बसलो. मागून काहीच आवाज येईना म्हणून वळून पाहिलं. निळी सीट, आणि तीत रेवा. डोळे सताड उघडे, रोखलेले गाडीच्या आरशावर.

"रेवाबाई, मामाला ओळखलं का?"

ती आरशाकडेच बघत राहिली.

"गाडीत ती अशीच असते," मुग्धा म्हणाली. "बाकीची पोरं गाडी सुरू झाली की पेंगतात. ही या सीटवर डोळा मिटत नाही. बंगळूरपर्यंत तीन तास टक्क जागी. माझ्या डोळ्यांवर पहारा करते जशी."

अर्णवही गाडीत झोपत नाही. आता आठ वर्षांचा आहे. गोव्याला जातानासुद्धा तो मागे ताठ बसून आरशात माझे डोळे बघत होता. पाहुणे म्हणतात, किती शहाणा मुलगा. मी आरसा थोडा तिरका करतो.

जयलक्ष्मीपुरमच्या घरी मुग्धाच्या सासूबाईंनी, माईंनी, अक्की रोट्टी (तांदळाच्या पिठाची थापलेली भाकरी) आणि शेंगाची चटणी वाढली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज येतं.

"बसा की हो, सुम्मने (उगाच) लाजू नका. बहिणीकडं आलाय की ऑफिसात?"

मी खोटं बाहेर काढलं. "माई, सीट जुनी झाली. या प्लास्टिकलाही मुदत असते. नवीन घेऊ, मामाकडून भेट."

"नवीन कशाला? मगूला (बाळाला) पहिलं अंगडं तरी आपण नवं घालतो काय? धडधाकट पोराचं जुनंच घालतो. तुमचा अर्णव बघा, दगडासारखा आहे. त्याची सीट म्हणजे शकुनाची."

"हेच मी म्हणते," मुग्धा म्हणाली. "शिवाय मुदत मी बघितली, दादा. मागे कोरलेली आहे. अजून दोन वर्षं आहेत."

ती आधीच वाचून बसली होती. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

तरी हट्टानं तिला एका दुकानात नेलं. विक्रेतीनं तीन सीट काढल्या. पहिली जड, आणि फक्त गाडीतल्या लोखंडी कड्यांत अडकणारी. विमानात कडी नसतात, तिथे सीट विमानाच्या पट्ट्यानंच बांधावी लागते. दुसरी नुसती बैठक होती. "सर, फ्लाइटला हे बेडा (नको)," विक्रेती म्हणाली. बरोबर होतं तिचं. अशा बैठकीला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो, विमानात कमरेचाच असतो. तिसरी हलकी, स्वतःचे पाच पट्टे असलेली, विमानात चालते असा छाप असलेली. मी टेपनं रुंदी मोजली. विमान कंपनीनं कळवलेल्या मापात बसत होती.

"ही घे," मी म्हणालो.

"आपली यापेक्षा भारी आहे. कव्हर तेवढं उसवलंय. मंडी मोहल्ल्यात चाचांकडे शिवून घेऊ. तू इतका का मागे लागलायस, दादा?"

मी म्हणालो, "काही नाही."

मंडी मोहल्ल्यात गाड्यांची कुशनं शिवणाऱ्या चाचांचं दुकान एका बोळात आहे. भर दुपारी तिथे दिवा लावलेला होता. भिंतीवर गाड्यांच्या रिकाम्या सीट टांगलेल्या, माणसं नुकतीच उठून गेल्यासारख्या. रेवाला रेक्झिनच्या गुंडाळीवर बसवलं. चाचांनी निळं कव्हर सोललं आणि हात थांबवला. सीट उलटी केली. आतला पांढरा फोम आडवा फुटला होता. पट्टा जातो तिथे प्लास्टिकवर केसासारखी पांढरी रेघ.

"ये सीट कहाँ मार खाई?"

"कहीं नहीं, चाचा," मुग्धा म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून विचारलं, "इसमें बैठा था सो बच्चा अच्छा है नै?"

शिलाई मशीन बंद होतं. तरी मला कुठेतरी गाडीचं इंजिन एकसुरात चालल्यासारखं ऐकू येत होतं. "अच्छा है," मी म्हणालो.

मुग्धानं रेघेवरून बोट फिरवलं. "पार्सलमध्ये आपटली असेल, नाही का रे? बरं झालं कळलं. चल, ती नवीनच घेऊ."

सुटलो होतो मी. तिनंच वाट करून दिली होती. नवी सीट येणार, रेवा सुखरूप जाणार, कुणाला काही कळणार नाही. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि रेवाकडे लक्ष गेलं. ती पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती. तिथे आरसा नव्हता, तिरका करायला.

"पार्सलमध्ये नाही," मी म्हणालो. "मी झोपलो होतो. गाडी चालवताना."

मग सगळं सांगितलं. अर्णव दोन वर्षांचा होता. साताऱ्याहून येत होतो, दोघंच. जेवण झालेलं, ऊन मागून येत होतं. डोळा लागला, क्षणभरच. दुभाजकाला धडकलो. अर्णव रडला नाही. ते मला अजून ऐकू येतं, त्याचं न रडणं. बायकोला, मीनलला, सांगितलं की ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकली. अर्णव नुकता बोलायला लागलेला. महिनाभर घरात म्हणत राहिला, "बाबा जोजो, धडाम." मीनल हसायची. मीही हसलो. सीट माळ्यावर टाकली, आणि रेवा झाली तेव्हा, डोळ्यांसमोर नको म्हणून, मुग्धाकडे पाठवली.

मुग्धानं रेवाला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, "तीन वर्षं, दादा. रोज यात बसवून नेलं मी हिला. चामुंडीच्या घाटात नेलं. तू फोनवर विचारायचास, रेवा कशी आहे. मला वाटायचं, मामाची माया."

"माझं चुकलं" हे शब्द तिथे फार लहान वाटले. तरी म्हटलं.

"वहिनीला माहीत आहे?"

"नाही."

"मग आत्ता फोन कर. मी नाही झाकणार. आणि चाचा, इसके पट्टे काट दो. फिर कोई उठाके नै ले जाना."

चाचांनी मोठी कात्री माझ्या हातात दिली. "आप काटो, साब."

पट्टा कापायला जड जातो. वीणच इतकी घट्ट असते. पाच ठिकाणी कापला. मग बोळाच्या तोंडाशी उभं राहून मीनलला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं, एकच विचारलं, "म्हणजे तो खरं सांगत होता?" आणि फोन ठेवला.

संध्याकाळी नवी सीट बसवली. मुग्धा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. घरी जाताना एका वळणाला मी मागे पाहिलं. रेवाची मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. झोपली होती. मुग्धानंही आरशात पाहिलं.

शुक्रवारी त्या दोघी नीट पोचल्या. मी रेल्वेनं परतलो. येताना कावेरी अंधारातून कधी गेली कळलंच नाही.

पुणे स्टेशनवर मीनल येईल असं वाटलं नव्हतं. आली. अर्णवही होता. किल्ली तिनं हातात घट्ट धरली होती. "मागे बस," एवढंच म्हणाली.

अर्णवशेजारी बसलो. तो सवयीनं ताठ झाला, डोळे आरशावर.

"अर्णव," मी म्हणालो, "तू लहान असताना मी गाडीत झोपलो होतो. आपण धडकलो होतो. तू सांगत होतास ते खरं होतं. मी खोटं बोललो."

"मला माहितीये," तो म्हणाला, जणू मी त्याला त्याचंच नाव सांगितलं होतं. थोड्या वेळानं विचारलं, "आज आई चालवतेय ना?"

"हो."

"आणि तू जागा आहेस?"

"आहे."

लकडी पूल ओलांडेपर्यंत त्याचं डोकं माझ्या दंडावर आलं होतं. खांद्याला कळ लागली तरी हललो नाही. समोर आरशात मीनलचे डोळे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं. मी घरापर्यंत डोळे उघडे ठेवून बसलो.