उंडाशाच्या तळ्यावर, थरथरत्या हाताने

गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थरथरतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या ग्रुपला मी हे सांगितलं नव्हतं. गुडघा दुखतोय म्हणून दोन सहली टाळल्या. मग ट्रायपॉड घेतला आणि जानेवारीत एकटाच उज्जैनला निघालो. तिथे मला कोणी ओळखत नाही.

इंदूरहून बसने उज्जैनच्या देवास गेट स्टँडला उतरलो. मुक्काम फ्रीगंजमध्ये केला, कारण स्टेशन जवळ आणि सकाळी टावर चौकात गरम पोहे मिळतात. शहराबाहेरच्या उंडासा तलावाला रिक्षा करा, पण परतीचं आधीच ठरवून घ्या. तिथून रिकामी रिक्षा मिळत नाही.

तळ्याच्या बांधावर ट्रायपॉड लावला. बसलेली बदकं सुरेख आली. पण नदीसुरय, पाण्यावर सूर मारणारा तो चपळ पक्षी, वळला की कॅमेरा वळेपर्यंत नुसतं आकाश उरायचं. तासभर मी आकाशाचेच फोटो काढले.

माझा वैताग ऐकून फिरायला आलेल्या एक साठीच्या बाई थांबल्या.

"अरे, मराठी? आम्ही इथलेच, कितीतरी पिढ्यांपासून. एकटेच आलात?"

"नाही, मित्र आहे. पलीकडे गेलाय."

त्यांनी थर्मास उघडला. "मग त्यांना पण आवाज द्या ना. चहा खूप आहे."

"कोणी नाहीये," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "मी पण सुनेला सांगते, सहेली सोबत असते. सहेली तर केव्हाच मुलीकडे राहायला गेली."

कप घेताना माझ्या हातून चहा सांडला. त्यांनी पाहिलं.

"म्हणून हा स्टँड?"

"हो."

"पण पक्षी कुठे थांबतोय?"

मी कॅमेरा काढून हातात घेतला. कोपरं छातीशी घट्ट धरली, शटर सेकंदाच्या १/२५०० वर ठेवलं. एवढ्या वेगाला थरथर फोटोत फारशी उतरत नाही. खरी कसरत पक्षी चौकटीत ठेवण्याची. "आला, आला, उजवीकडून!" त्या लहान मुलीसारख्या ओरडत होत्या. रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला, तेव्हा आम्ही थांबलो.

पुण्याला घरी येऊन फोटो पाहिले. बसलेल्या पक्ष्यांना ट्रायपॉडच बरा. उडत्यांचे हातातून काढलेले चारच जमले, पण जमले. ग्रुपला हाताचं सांगितलं. सगळे फार चांगलं बोलले. पुढच्या सहलीचं अजून कोणी विचारलेलं नाही.

त्या चार फोटोंतला एक मोठा छापून आणलाय. निघताना बाई म्हणाल्या होत्या, "मला पाठवा हं," आणि मी हो म्हटलं होतं. नाव किंवा नंबर दोघांनीही विचारला नाही.