सागाच्या कमरेची पट्टी

माझा नवरा सिल्वासात वनसंशोधक आहे. खानवेलच्या जंगलात त्याने सागांच्या बुंध्यांना पत्र्याच्या पट्ट्या बांधल्यात. खोड किती वाढलं ते त्यांवरून कळतं, आणि कुठलं झाड तोडायचं, कुठलं राखायचं ते त्यावरून ठरतं. त्या सागांचं नाव काढलं तरी माझा जळफळाट होतो.

परवा तो तोंड पाडूनच घरी आला. “रस्त्याकडेच्या सागाची वाढ खुंटलीय गं,” म्हणाला आणि धड जेवलाही नाही. मी नुकतीच टायफॉइडमधून उठलेली. ब्लाउज अंगावर नुसता लोंबत होता. ते काही त्याला दिसलं नाही.

“मलाही बांध की एक पट्टी,” मी फणकारले.

“तुला कशाला?” तो हसला. “तुला काय मी तोडणार आहे?”