दळतंय, कांडतंय, पाखडतंय

मथुरावहिनी पिकपमध्ये बसली की डोळे मिटायची. मुरबाडचा बाजार असो नाहीतर कल्याणची मंडई, जनूदादाच्या शेजारी ताठ बसायची, पदर कानामागे खोचायची आणि डोळे बंद. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला वाटलं, काय सुखी बाई आहे, एवढ्या खड्ड्यांतही झोप लागते हिला! तेवढ्यात डोळे न उघडताच तिने दादाच्या गुडघ्यावर थाप मारली. दादाने गाडी कडेला घेतली. "मागं, माझ्या अंगाला," वहिनी म्हणाली, "दळतंय." दादा उतरला, चाकाखाली दगड लावला, सीटमागची पान्यांची पिशवी काढली आणि चाक खोलून बसला. बेअरिंग संपत आलं होतं. त्यात ग्रीस भरून आम्ही रखडत मुरबाड गाठलं आणि नवीन बेअरिंग त्याने बाजारातच, गाडीखाली पोतं अंथरून बसवलं. मी मात्र चरफडत होते, कारण मला गिरणीचा पट्टा घ्यायचा होता आणि दुकान दुपारचं बंद झालं होतं.

मी धसईची गिरणीवाली सुमन. माझं लग्न जमलं नाही, वडिलांची पिठाची गिरणी जमली. गिरणीच्या भिंतीला लागून जनूदादाचं अंगण, आणि त्या अंगणात ती पिकप. दादाने ती कोणाकडून तरी जुनी घेतली तेव्हा आमच्या बाजूला गाड्या फार नव्हत्या. गावची भेंडी, काकडी, भाताच्या गोणी तो बाजाराला पोचवायचा. पण गाडी चालवण्यापेक्षा ती खोलण्यातच त्याचा जीव जास्त. ऑइल बदलणं, ब्रेकचे लायनर, स्प्रिंगचे तुटलेले पाटे, सगळं अंगणात. गॅरेजचं नाव काढलं की तो खवळायचा. "आपल्या पोराचा शेंबूड दुसऱ्याकडून पुसून घ्याचा काय?" म्हणायचा.

वहिनीने पाना कधी हातात धरला नाही. पण गाडीला काय झालंय ते तीच सांगायची, आणि सांगायची ते तिच्या शब्दांत. चाकाचं बेअरिंग गेलं की गाडी 'दळायची'. चाकं फिरवणाऱ्या खालच्या दांड्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, ढिला झाला की 'कांडायची', मुसळ पडल्यासारखी, चाल बदलली की धप्प. पंखा कुठे घासायला लागला की 'पाखडायची'. सायलेन्सरला भोक पडलं की 'फोडणी बसली' म्हणायची. दादाला यातला प्रत्येक शब्द पाठ होता. तिने "कांडतंय" म्हटलं की तो विचार न करता गाडीखाली शिरायचा. मला हसू यायचं. एकदा म्हटलं, "वहिनी, गाडी आहे की भाताची गिरणी?" तर म्हणाली, "आवाज काय गो, सगळ्यांचे सारकेच. कान देनारा पायजे."

गावात मात्र तिला फौजदारीण म्हणायचे. कारणही तसंच होतं. कोणी दादाला काही विचारलं की उत्तर हिचं. "जनू, उद्या वैशाखऱ्याला गाडी येईल का?" "येल. सकाळी येल." "जनू, यंदा भात कसा?" "बरा हाय." एखाद्याने चिडून म्हणावं, अहो, आम्ही जनूशी बोलतोय, तर ही म्हणायची, "त्यांना काय इचारता, मला इचारा." दादा आपला बाजूला उभा राहून हसायचा. नवऱ्याला दावणीला बांधलाय, असं बाया माझ्या गिरणीत बसून बोलायच्या. दळणाच्या आवाजात बोललं की पलीकडे ऐकू जात नाही, असं त्यांना वाटायचं. वहिनी डबा घेऊन दारात उभी असायची आणि चेहऱ्यावर काहीसुद्धा दिसू द्यायची नाही.

खरं काय ते मला एका सकाळी कळलं. अंगणाला थोडा उतार आहे. दादा गाडीखाली झोपून काहीतरी सोडवत होता, फक्त पाय बाहेर. मी भिंतीवरून सहज बघितलं तर चाकाखालचा दगड हळूहळू सरकत होता. मी ओरडले, "दादा, बाहेर ये! गाडी येते अंगावर!" हा आपला आत गुणगुणतोय. पुन्हा ओरडले, गिरणीतली माणसं धावत आली एवढ्या मोठ्याने ओरडले. तेवढ्यात वहिनी घरातून आली ती सरळ त्याच्या पायांवर पडली आणि दोन्ही घोटे धरून तिने त्याला खेचून काढला. गाडी पायरीला जाऊन अडली. माणसं पांगल्यावर मी म्हटलं, "एवढी बोंबलते मी, ऐकू येत नाही का याला?"

"नाय येत," वहिनी म्हणाली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

मग पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं. लग्नाआधी दादा खडी फोडायच्या मशीनवर कामाला होता. तेव्हापासून कान उतरत गेले. आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून थोडं कळायचं, तिच्या ओठांवरून सगळं. मागून हॉर्न वाजला की ती गुडघ्यावर थाप मारायची. दादाशी कोणी बोलायला आलं की आधी हीच उत्तर द्यायची, म्हणजे त्याला ऐकू आलं की नाही हा प्रश्नच येत नसे. "कुनाला बोलू नको गो सुमे. कळला तर गाडीत माल कोन घालील? आनि गाडी गेली ना, तर हे पन जातील." हे बरोबर होतं का? नव्हतं. बहिऱ्या माणसाने घाटरस्त्याला गाडी घालावी हे काही मी आजही बरोबर म्हणणार नाही. पण त्या दोघांना पाहिलं की माझी जीभ उचलायची नाही.

पुढे काही वर्षांनी वहिनीच्या पोटात गाठ निघाली. शहापूरला दिलेली त्यांची लेक येऊन तिला कल्याणला घेऊन गेली, तपासण्या झाल्या, आणि वहिनी परत आली ती निम्मी होऊन. मला वाटलं रडेल. कुठलं! दुसऱ्या दिवशी अंगणातून तिचा आवाज: "बसा हितं. गाडी चालू करा. हात ठेवा." भिंतीवरून पाहिलं तर दादा बॉनेटवर तळवा ठेवून उभा, आणि ही खाटेवर उशीला टेकून मास्तरीण झालेली.

"काय म्हनते?"

"काय नाय म्हनत."

"हात दाबून धरा. बोटं नको, तळवा. आता काय म्हनते?"

तिने ठरवलंच होतं. आपल्या कानात आहे ते सगळं त्याच्या हातात उतरवायचं. रोज सकाळी शाळा. कधी गिअरच्या दांड्यावर हात, कधी अनवाणी पाय गाडीच्या पत्र्यावर, कधी चाक जॅकवर उचलून फिरवायचं आणि आतल्या लोखंडाला बोटं लावायची. मलाही कामाला लावलं. दादाने पाठ फिरवली की मी पाना घेऊन कुठला तरी बोल्ट ढिला करायचा, आणि त्याने तो हाताने शोधायचा. मला आवडायचं ते. पण त्याला जमत नव्हतं. कांडणं आणि दळणं यातच गोंधळ. एकदा वैतागून त्याने फडकं फेकलं. "माझ्याच्यानं नाय व्हनार मथे!"

"मंग दुसरी बायको बघा," वहिनी शांतपणे म्हणाली, "चांगल्या कानांची."

दादाने तिचे ओठ वाचले. आधी हसला, मग गाडीच्या पाठीमागे जाऊन बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. त्याने पुन्हा बॉनेटवर हात ठेवला.

अशक्त झाली तरी वहिनी गाडीत बसायचं सोडेना. पाठीला उशी घेऊन बसायची. एक दिवस वैशाखऱ्याहून येताना मीही मागे होते, भोपळ्यांवर बसून. गाडी एकदम कडेला थांबली. दादा उतरला, पुढच्या चाकापाशी गेला, हात लावून पाहिला, मग पलीकडच्या चाकाला लावला, पुन्हा इकडे आला. वहिनीच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, "दळतंय." एवढंच. पण काय चेहरा होता त्याचा! परीक्षेत पास झालेल्या पोराचा. वहिनीने मान हलवली. घरी आल्यावर मी तिला आत झोपवलं तेव्हा तिने माझा हात धरला. "मी कवापासून ऐकत व्हते गो. दोन वळनं आधीपासून. बोलले नाय." आणि मग रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मी तिचे पाय चेपत बसले. मलाही रडू आवरेना.

त्यानंतर ती गाडीत बसली नाही. भाताची कापणी सुरू होता होता गेली. दादा उशाशी होता. ती गेल्याचं आम्हाला त्याने सांगितलं. त्याचा तळवा तिच्या पाठीवर होता.

कार्याच्या दिवशी अंगणात माणसं जमली होती. बाया एका बाजूला. बोलणं सुरू झालं तसं कोणीतरी म्हणालं, "बाई कष्टाळू होती हो, पन तोंडाची लई फटकळ. बिचाऱ्या जनूला कधी बोलून दिला नाय." दुसरी म्हणाली, "आता बोलंल बिचारा मोकळेपनी." दोघीतिघी हसल्या. मोठ्याने नाही, पण हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा समोर बसला होता. त्याने ते हसू पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हनतात त्या?"

मी सांगायला नको होतं, असं पुढे पुष्कळांनी मला सुनावलं. सुनावू देत. मी त्याच्या समोर बसले आणि ओठ नीट हलवत, एकही शब्द न गाळता सांगितलं.

दादा उठला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. तो बोलला ते रस्त्यापर्यंत गेलं. "मला ऐकू येत नाय. आज नाय, लई वर्सं झाली. हॉर्न ऐकू येत नाय, तुमी बोलता त्यो पन नाय. तुमचा सगळा माल तिच्या कानांवर बाजारात गेला. मी बोलत नव्हतो कारन तुमी काय इचारता त्यो मला कळत नव्हता. तिनं मला दाबला नाय. तिनं मला झाकला." मग तो खाली बसला.

पुढच्या बाजाराला तो पहाटेच गाडी पुसून नाक्यावर उभा राहिला. टोपल्या आल्या आणि दुसऱ्या गाडीत चढल्या. कोणी वाईट बोललं नाही. एकाने तर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आपल्या गोणी उचलून पुढे गेला. लोकांचं तरी काय चुकलं? ऊन चढल्यावर दादा रिकामी गाडी घेऊन घरी आला. मला राहवलं नाही. गिरणी तशीच चालू टाकून मी भिंतीपाशी गेले आणि त्याच्यावर डाफरलेच. "तिने मरता मरता तुला हाताने ऐकायला शिकवलं ते कशासाठी? गाडी तुझ्याकडे राहावी म्हणून ना? मग कशाला बोललास चारचौघांत? ती तर गेली. आता कोणी काय म्हटलं म्हणून काय फरक पडत होता?"

तो हात पुसत होता. फडकं त्याने नीट घडी घालून बॉनेटवर ठेवलं.

"तिला लोक काय काय म्हनायचे, मला कधी ऐकूच आला नाय गो सुमे," तो म्हणाला. "तिला येत व्हता ना."