मेतकुटाच्या डब्यातलं रण

आमच्या नॉटिंगहॅमच्या मराठी गोतावळ्यात सुमतीताईंचा विषय निघाला की चहा दोनदा टाकावा लागतो. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याने तोंड उघडलेलं असतं!

ताई भुलीच्या डॉक्टर. दर हिवाळ्यात रजा काढून कच्छच्या रणात पक्षी बघायला जायच्या. वॉर्डमधल्या सिस्टरने विचारलं, "डेझर्टमध्ये बदकं?" ताई म्हणाल्या, "ऊन निघालं की तुम्ही कशा गार्डनमध्ये धावता? तसंच. पाणी आलं की पक्षीही धावतात!"

मंडळाच्या दिवाळीत त्यांना स्लाइड-शोला दहा मिनिटं दिली होती. पाऊण तास झाला, तरी फ्लेमिंगो संपेनात. अध्यक्ष माईकवर आले, "ताई, जेवण गार होतंय."

"मग गार खा!"

खरं सांगतो, एकही जण उठला नाही.

पुढे रणातल्या त्यांच्या लाडक्या तलावावरूनच रस्ता न्यायचं ठरलं. काम ब्रिस्टलच्या एका कंपनीकडे, आणि टीममध्ये आमचाच अविनाश! सर्व्हे कधी केला, तर मे महिन्यात. रिपोर्ट काय, तर 'कोरडी, निरुपयोगी जमीन'. ताई भडकल्या. "मे महिन्यात मुठा बघितलीस कधी? मग तीही टाक बुजवून!"

पुढच्या उन्हाळ्यात ताई स्वतः तिथे गेल्या आणि रीतसर परवाना काढून तलावातली सुकी माती घेऊन आल्या. एअरपोर्टवर कस्टम्सवाल्याने विचारलं, "हे काय आहे?"

"तलाव."

बिचाऱ्याने परवाना दोनदा वाचला.

ती माती स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यात राहिली. एकदा अविनाश जेवायला आला होता. ताईंचं भांडण वेगळं, पंगत वेगळी. दिलीपरावांनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्याने, मेतकूट समजून तीच त्याच्या मऊ भातावर वाढली. पहिलाच घास करकरला. ताईंनी डबा बघितला आणि म्हणाल्या, "खा, खा! गिळायलाच निघाला होतास ना तलाव? आधी चव बघ!"

अविनाशने खळखळून तीन चुळा भरल्या आणि कंपनीतल्या त्याच्या साहेबांची वेळ मिळवून द्यायचं कबूल केलं.

ब्रिस्टलला मीही सोबत गेलो. ट्रेनमध्ये ताईंच्या मांडीवर झाकलेला काचेचा बाऊल. मला हात लावू देतील तर शपथ! साहेबांनी भिंतीवर मे महिन्यातले फोटो दाखवले. "डॉक्टर, इथे काहीही जिवंत नाही."

ताईंनी बाऊल पुढे सरकवला. पाण्यात तांदळाच्या कणीएवढे, कोलंबीसारखे जीव सळसळत होते.

"माती तुमच्याच साइटवरची, मे महिन्यातली. आठवड्यापूर्वी मी फक्त पाणी घातलं आणि मातीतली सुकी अंडी फुटली. फ्लेमिंगो यांच्यावरच जगतात."

साहेब चष्मा कपाळावर चढवून बाऊलवर वाकले. मग हळूच म्हणाले, "आता यांचं काय करायचं?"

ताई म्हणाल्या, "तेच विचारायला आलेय!"