वहिनीचे झुमके

रिठ्याच्या पाण्याचा वास आला की मला मारेगावची बाबांची कामाची खोली आठवते. बाबा केसासारख्या बारीक चांदीच्या तारेची फुलं वळवायचे. एकदा त्यांनी मोबाइलवर मेक्सिकोतल्या कारागिरानं केलेले जाळीदार झुमके पाहिले आणि तसेच करायला बसले. मी तेव्हा पंधरा दिवस माहेरी होते. तार मीच ओढून दिली, पाकळ्या चिमट्यानं धरल्या, बाबा फुंकणीच्या जाळावर जोड झाळायचे तेव्हा श्वाससुद्धा रोखून बसायचे. झुमके मलाच मिळणार, असं मी धरून चालले होते. रिठ्याच्या पाण्यातून ते पांढरेशुभ्र होऊन निघाले आणि बाबांनी हाक मारली ती वहिनीला. "घालून पाह्य बरं सूनबाई, तुह्यासाठीच केले." ती आरशात पाहून हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुपारी तिनं झुमके कोनाड्यात काढून ठेवले, तेव्हा मी नखानं एक पाकळी दाबली आणि तिचा जोड सुटला. संध्याकाळी वहिनी रडवेली होऊन तो झुमका घेऊन आली. बाबांनी चष्मा पुसला, झुमका उजेडात धरून पाहिला. "जोड माह्याच हातानं कच्चा राह्यला. नजर गेली आता," एवढंच ते म्हणाले. मी शेजारीच उभी राहून त्यांचा चिमटा पुसत होते. त्यानंतर बाबांनी बारीक कामाला कधी हात लावला नाही. परवा सगळं सांगून टाकायचं म्हणून मी फोन केला, तर तेच आधी म्हणाले, "ते बारीक तारेचं कसब तुह्या हातात होतं पोरी. म्या तुले शिकवाले पाह्यजे होतं."