दार उघडल्याची खबर

सिस्टरने उभ्या आयुष्यात फ्रीजचं दार विनाकारण उघडलं नाही. दवाखान्यात लसींचा फ्रीज तिच्या ताब्यात असायचा, आणि तिची शिस्त अशी की आधी काय काढायचं ते मनाशी ठरवायचं, मग दार उघडायचं, तेही एकदाच. नव्या पोरी आत डोकं घालून शोधाशोध करायला लागल्या की ती म्हणायची, "फ्रीज गारवा तयार करत नाही गं बायांनो. त्यातला गॅस आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. त्याने बाहेर टाकलेलं तुम्ही परत आत ढकलताय." निवृत्त झाली, नवरा गेला, तरी नाव सिस्टरच राहिलं. सवयही राहिली.

घरचा जुना फ्रीज घरघरायचा, बर्फाचे डोंगर साठवायचा, पण चालायचा. दूर नोकरीला असलेल्या मुलाने तो परस्पर काढायला लावला आणि नवा पाठवला. कपाटाएवढा. बर्फ साठत नाही, कॉम्प्रेसर गरजेपुरताच फिरतो म्हणून आवाज नाही, शिवाय वाय-फायला जोडलेला. वरच्या मजल्यावरची शिवणवाली, सिस्टरची मैत्रीण, मुद्दाम बघायला आली.

"बाई गं, याला तर सगळं येतं. जावईच करून घेतला असता मी."

"बोलत नाही मात्र," सिस्टर म्हणाली.

"मग तर फारच उत्तम."

मुलाचा फोन दर रविवारी यायचा. फ्रीज आला आणि फोन आधी आखडला, मग बंदच पडला. कामात असेल, कामात असेल, असं म्हणून म्हणून कंटाळल्यावर सिस्टरनेच लावला.

"अगं, दर वेळी नवीन काय बोलायचं?" मुलगा म्हणाला. "सकाळी दुधासाठी तू दार उघडलंस की माझ्या मोबाईलवर निरोप येतो. म्हणजे कळतंच ना, तू उठलीस, हिंडतीफिरती आहेस. म्हणून तर हा महागातला घेतला."

"माझ्यासाठी घेतलास ना?"

"तुझ्यासाठीच. चल, ठेवतो."

जन्मभर सिस्टरने रोग्याची चौकशी खाटेशी उभं राहून केली होती. तिची चौकशी आता एक दार करत होतं. त्या संध्याकाळी तिने फ्रीजमधलं दूध काढलं आणि वर नेऊन दिलं.

"भांडलीस जावयाशी?" शिवणवालीने विचारलं.

"दार उघडलं नाही तर फोन येतो का, बघायचंय."

शिवणवालीने थट्टा तिथेच सोडली आणि पातेलं आपल्या फ्रीजमध्ये सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. सिस्टर मोबाईल न्हाणीघरातसुद्धा घेऊन गेली. फोन आला नाही. म्हातारं माणूस घरात पडलं तर किती वेळात काय होतं हे तिला पाठ होतं, आणि ती वेळ कधीच उलटून गेली होती. त्यापुढचाही दिवस तसाच चालला होता, तेवढ्यात बेल वाजली. तिने केसांवरून हात फिरवला आणि जवळजवळ धावतच दार उघडलं.

पिशवी घेतलेला मेकॅनिक होता. "फ्रीजचा सेन्सर गेलाय म्हणे. तुमच्या मुलाची तक्रार आहे. दार उघडल्याचे निरोप येत नाहीत."

"माझ्याबद्दल काही विचारलंय त्याने?"

मेकॅनिकने मोबाईल पुन्हा नीट पाहिला. भला माणूस होता. "नाही आजी. मॉडेल नंबर आहे फक्त."

त्याने फ्रीज उघडला, मिटला, परत उघडला. लगेच त्याचा फोन वाजला. "हो साहेब, सगळं ठीक आहे. आई इथेच आहेत, देऊ का?"

सिस्टरने हात पुढे केला.

"ठेवला त्यांनी," मेकॅनिक ओशाळून म्हणाला. "निरोप आला म्हणाले. गडबडीत होते."

सिस्टरने पुढे केलेला हात भिंतीकडे नेला आणि फ्रीजचा प्लग उपटला.

"अहो आजी, उद्या परत तक्रार येईल."

"येऊ दे. तुम्ही तरी याल."